आईच्या खोलीतला कॅमेरा आपोआप वळला, आता सगळेच काढून टाकू का?

पत्र थोडक्यात: लिहिणारे गृहस्थ चाळिशीतले. घरात ते, बायको आणि सत्तरी ओलांडलेली आई. नवराबायको दोघंही नोकरी करतात. वर्षभरापूर्वी आई घरात पडली, मोडलं काही नाही पण अर्धा तास तिला उठता आलं नाही आणि कोणाला कळलंही नाही. त्यानंतर सकाळच्या वेळेला एक मदतनीस ताई यायला लागल्या आणि घरात तीन कॅमेरे बसले, एक दाराबाहेर, एक हॉलमध्ये आणि एक फिरणारा आईच्या खोलीत. बसवणाऱ्यानेच ॲप टाकून दिलं, अकाउंट उघडलं, पासवर्डही त्यानेच ठरवला. तोच पासवर्ड पुढे दुसऱ्या शहरातल्या बहिणीकडे, मेहुण्यांकडे आणि कॉलेजातल्या भाच्याकडे गेला. मागच्या आठवड्यात संध्याकाळी आईच्या खोलीतला कॅमेरा वळला आणि कपाटाकडे तोंड करून थांबला. आई पलंगावर होती, बायको दारात उभी होती, तिने डोळ्यांनी बघितलं. ती म्हणते तिन्ही कॅमेरे आजच्या आज काढा. बसवणारा म्हणतो नेटवर्कचा प्रॉब्लेम असेल. ह्यांचं म्हणणं: "आम्ही साधी माणसं, आम्हाला कोण हॅक करणार? कंपनी नावाजलेली आहे. घरात लपवण्यासारखंही काही नाही. बायको जरा जास्तच घाबरतेय, मध्ये मी सहज विचारलं की दुपारी कोण आलं होतं तर दोन दिवस बोलली नाही. शेजारी पण दाराच्या कॅमेऱ्यावरून काहीतरी पुटपुटले. आईची मात्र काहीच तक्रार नाही, फक्त हल्ली ती कपडे बदलायला बाथरूममध्ये जाते. काय करू?"

नमस्कार,

तुमच्या पत्रावरून तो कॅमेरा अजून चालूच आहे असं दिसतंय, त्यामुळे आधी उठा आणि आईच्या खोलीतल्या कॅमेऱ्याचा प्लग काढा. ॲपमधून ऑफ करू नका, कारण ॲपमधून जो ऑफ होतो तो ॲपमधूनच ऑनही होतो, आणि सध्या ते ॲप कोणाकोणाच्या हातात आहे हेच तर आपल्याला माहीत नाहीये. हॉलमधलाही काढलात तर उत्तम. दाराबाहेरचा राहू दे. प्लग काढल्याने झालेलं रेकॉर्डिंग पुसलं जात नाही, कार्डावरचं कार्डावर आणि क्लाउडवरचं, म्हणजे कंपनीच्या सर्व्हरवरचं, क्लाउडवर राहतं, त्यामुळे पुरावा जाईल ही भीती नको.

झालं? आता बोलू.

कॅमेरा वळण्याची साधी कारणं पण असतात, ती आधी बघून टाकू म्हणजे उगाच रात्रीची झोप जायला नको. फिरणाऱ्या कॅमेऱ्याची वीज जाऊन आली किंवा अपडेट घेऊन तो स्वतःच रिस्टार्ट झाला की बरेच कॅमेरे एकदा ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरतात आणि परत ठरलेल्या जागी येऊन थांबतात. दुसरं म्हणजे हालचालीचा पाठलाग करायचं सेटिंग, ते चालू असेल तर माणूस जाईल तिकडे कॅमेरा तोंड फिरवतो, पंख्याने हलणाऱ्या पडद्याच्या मागेसुद्धा लागतो. पण तुम्ही लिहिलंय त्यात तो कपाटाकडे वळून तिथेच थांबला, तिथे कोणी नव्हतं, काही हलत नव्हतं. मला तरी हे कोणीतरी फोनवर बोट सरकवल्यासारखं वाटतंय. तो कोणीतरी भलताच माणूस असेल असं नाही हं, भाच्याने नुसता चाळा केला असेल, आई चित्रात नीट दिसेना म्हणून बहिणीने शोधायला फिरवला असेल. बसवणाऱ्याचं नेटवर्कचं कारण मात्र सोडून द्या, नेटवर्क गेलं की चित्र अडकतं, कॅमेरा वळत नाही.

कोणी फिरवला ते कळण्यासाठी ॲपच्या सेटिंगमध्ये लॉगिन हिस्ट्री, जोडलेल्या डिव्हाइसेसची यादी आणि शेअर केलेल्या लोकांची यादी शोधा. सगळ्या ॲपमध्ये सगळं नसतं पण काहीतरी असतंच. जे दिसेल त्याचे तारीखवेळेसकट स्क्रीनशॉट काढून ठेवा, मगच काही बदला, कारण लोक घाबरून आधी सगळं डिलीट करतात आणि मग पोलिसांकडे जायची वेळ आली की हातात काही नसतं. आता तुमच्या केसमधली अडचण अशी की सगळेजण एकाच आयडीने आणि एकाच पासवर्डने आत जातायत, त्यामुळे यादीत नाव एकच दिसणार, तुमचं. फोनचं मॉडेल आणि वेळ ह्यावरून जेवढं जुळतंय तेवढं जुळवा, बहिणीला, मेहुण्यांना, भाच्याला सरळ फोन करून विचारा की त्या संध्याकाळी कोणी कॅमेरा फिरवला का, आरोप न करता विचारा. कोणी हो म्हणालं तर निम्मी काळजी मिटली. कोणीच हो म्हणालं नाही आणि यादीत अनोळखी फोन दिसला तर मात्र ते स्क्रीनशॉट घेऊन सायबर पोलिसांकडे जा, तिथे लाजायचं काही कारण नाही.

पत्रात तुम्ही विचारलंय की आम्हाला हॅक कोण करणार. मी उलटं विचारते, तुमच्या घरात शिरायला कोणाला हॅक करायची गरज आहे का? तुमच्या घराच्या पाच किल्ल्या बनवून पाच जणांना वाटल्या असत्या आणि त्यातली एक कुलूप बसवणाऱ्याकडेच राहिली असती तर तुम्ही झोपला असतात का? इथे नेमकं तेच झालंय. बहीण, मेहुणे, भाचा, तुम्ही आणि पाचवा तो बसवणारा, ज्याने अकाउंट स्वतःच्या हाताने उघडलं आणि पासवर्डही स्वतःच ठरवला. तो माणूस वाईट आहे असं मी म्हणतच नाहीये, बहुतेकांना दहा घरांचे दहा पासवर्ड लक्षात ठेवायचे नसतात म्हणून सगळीकडे एकच ठेवतात, ते पण वाईटच. पण अमेरिकेत एडीटी ह्या मोठ्या सिक्युरिटी कंपनीचा एक टेक्निशियन नेमका ह्याच वाटेने गेला होता. कॅमेरे बसवताना तो ग्राहकाच्या अकाउंटमध्ये हळूच स्वतःचा ईमेल टाकून ठेवायचा. साडेचार वर्षांत २०० हून जास्त घरांच्या अकाउंटमध्ये तो ९,६०० पेक्षा जास्त वेळा डोकावला आणि २०२१ मध्ये त्याला ५२ महिन्यांची शिक्षा झाली. ह्यात हॅकिंग कुठे आहे सांगा, त्याला आत जाण्याची सोय रीतसर होती, फक्त ती काढून घ्यायचं कोणाच्या डोक्यात आलं नाही.

म्हणून दुरुस्ती इथून सुरू करायची, आणि क्रम महत्त्वाचा आहे. आधी कॅमेऱ्याचा नाही तर तुमच्या ईमेलचा पासवर्ड बदला, कारण कॅमेऱ्याचा पासवर्ड विसरलो म्हटलं की नवीन लिंक त्या ईमेलवरच येते, ईमेल उघडा राहिला तर बाकी सगळं व्यर्थ. मग अकाउंट कोणाच्या ईमेलवर किंवा नंबरवर उघडलंय ते बघा, बसवणाऱ्याच्या असेल तर त्या अकाउंटला हात लावत बसू नका, त्याला सांगून त्याच्या ॲपमधून कॅमेरे काढायला लावा आणि तुमच्या स्वतःच्या नवीन अकाउंटवर पहिल्यापासून जोडा. नुसतं कॅमेऱ्याचं छोटं रिसेट बटण दाबून प्रत्येक कंपनीत मालकी सुटत नाही, काहींत जुन्या मालकाने स्वतः काढावंच लागतं, नाहीतर कंपनीच्या कस्टमर केअरला बिल दाखवून सोडवून घ्यावं लागतं. नवीन पासवर्ड लांबलचक आणि दुसरीकडे कुठेच न वापरलेला हवा. टू-स्टेप व्हेरिफिकेशन, म्हणजे पासवर्डनंतर फोनवर आलेला कोडही मागणं, चालू करा. आणि 'सगळ्या डिव्हाइसवरून लॉगआउट करा' हे बटण शोधून दाबाच, कारण काही ॲपमध्ये पासवर्ड बदलला तरी आधीपासून आत असलेला फोन आतच राहतो, हे फार कमी लोकांना माहीत असतं.

बहिणीला बघायचं असेल तर तिला पासवर्ड देऊ नका, ॲपमधून शेअर करा, म्हणजे तिचा तिचा आयडी राहील, कुठला कॅमेरा दिसेल ते तुम्ही ठरवाल आणि नको तेव्हा एका टिचकीत काढता येईल. भाच्याला कशाला हवंय हे मला खरंच कळलेलं नाही.

आता तुमचं दुसरं म्हणणं, साधी माणसं. हॅकरला तुम्ही कोण आहात ह्याच्याशी काही घेणंदेणं नसतं, तो नाव बघून घर निवडत नाही. प्रोग्रॅम लावून ठेवतात, तो इंटरनेटवर उघडे कॅमेरे शोधत फिरतो आणि कंपनीने दिलेले ठरलेले पासवर्ड एकेक करून टाकून बघतो. २०१६ मध्ये मिराई नावाच्या व्हायरसने नेमकं हेच केलं होतं, साठेक ठरावीक युजरनेम-पासवर्डच्या जोड्या वापरून लाखो कॅमेरे, डीव्हीआर (चित्रण साठवणारे रेकॉर्डर) आणि राउटर ताब्यात घेतले आणि ऑक्टोबरमध्ये त्यांच्या जोरावर डाइन (Dyn) ह्या, साइटचे पत्ते शोधून देणाऱ्या कंपनीवर असा मारा केला की ट्विटर, नेटफ्लिक्ससारख्या साइट कित्येक तास कोलमडल्या. ज्यांच्या घरातले कॅमेरे ह्या हल्ल्यात वापरले गेले त्यातल्या बहुतेकांना आजही पत्ता नसेल. आणि बघायची हौस असलेलेही आहेत. २०२५ च्या अखेरीस दक्षिण कोरियाच्या पोलिसांनी चौघांना पकडल्याचं जाहीर केलं, एकूण १ लाख २० हजार कॅमेऱ्यांत घुसल्याचा संशय, घरातले, दुकानातले, आणि त्यातलं चित्रण विकायला काढलं होतं. पासवर्ड सोपे होते, एवढीच त्या घरांची चूक. ती सगळी साधीच माणसं असणार की.

अजून एक रस्ता आहे तो जुन्या पासवर्डचा. कुठल्यातरी शॉपिंग साइटवरून तुमचा ईमेल आणि पासवर्ड कधीतरी फुटलेला असतो, तीच जोडी कॅमेऱ्याच्या ॲपला लावून बघतात. २०१९ च्या डिसेंबरमध्ये अमेरिकेत मिसिसिपी राज्यात एका आठ वर्षांच्या मुलीच्या बेडरूममधल्या कॅमेऱ्यातून अनोळखी माणूस तिच्याशी बोलायला लागला, मी सांताक्लॉज आहे म्हणाला. कॅमेरा रिंग कंपनीचा होता, कंपनीने सांगितलं की आमची सिस्टिम फुटलेली नाही, दुसरीकडे फुटलेले पासवर्ड वापरले गेलेत. आईवडिलांच्या दृष्टीने त्याने काय फरक पडला असेल देव जाणे. दोन महिन्यांतच कंपनीने टू-स्टेप सगळ्यांना सक्तीचं केलं.

कंपनी नावाजलेली आहे हा मुद्दा मी पूर्ण उडवून लावणार नाही, कारण बिननावाच्या स्वस्त कॅमेऱ्याला अपडेट मिळतच नाहीत आणि विकणारा वर्षभरात गायब होतो, त्यामानाने नाव असलेली कंपनी बरी. पण नाव म्हणजे कवच नाही. त्याच रिंगवर अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने, म्हणजे ग्राहकांचं हित बघणाऱ्या सरकारी संस्थेने, २०२३ च्या मे महिन्यात आरोप ठेवला की कंपनीच्या लोकांना ग्राहकांचे खाजगी व्हिडिओ बघता येत होते आणि एका कर्मचाऱ्याने २०१७ मध्ये कित्येक महिने बायकांच्या बेडरूम-बाथरूममधल्या कॅमेऱ्यांचं हजारो रेकॉर्डिंग बघितलं, प्रकरण ५८ लाख डॉलर देऊन मिटलं. २०२४ च्या फेब्रुवारीत वाइझ कंपनीची सेवा बंद पडून परत चालू झाली तेव्हा सुमारे १३ हजार ग्राहकांना दुसऱ्यांच्याच घरातली चित्रं दिसली, कोणीही हॅक केलं नव्हतं, कुठला कॅमेरा कोणाचा हेच त्यांच्या सिस्टिमने घोळात घातलं. युफी ह्या कॅमेरा कंपनीची तर जाहिरातच अशी होती की तुमचं चित्रण घरातच राहतं, आणि २०२२ च्या नोव्हेंबरमध्ये एका सुरक्षा संशोधकाने दाखवलं की फोटो क्लाउडवर जातायत. तुम्ही पासवर्ड कितीही चांगला ठेवा, ह्या तिन्ही ठिकाणी त्याचा उपयोग शून्य होता.

मग क्लाउड नको, कार्ड बरं? अर्धं बरं. कार्ड किंवा घरातल्या रेकॉर्डरवर ठेवलं तर कंपनीची भानगड कमी होते, पण चोर कॅमेराच उपटून घेऊन गेला तर कार्डही गेलं, आणि बऱ्याच कॅमेऱ्यांचं कार्ड दुसऱ्या कुठल्याही कॉम्प्युटरमध्ये घातलं की सरळ उघडतं. काही कंपन्या एंड-टू-एंड एन्क्रिप्शन देतात, म्हणजे चित्रण फक्त तुमच्या फोनवर उघडतं, कंपनीलाही दिसत नाही. ते बऱ्याचदा मुळात बंद असतं आणि चालू केलं की माणूस ओळखणं वगैरे थोड्या सोयी जातात, म्हणून लोक लावत नाहीत. लावा. बाकी राउटरचा स्वतःचा पासवर्ड बदला, त्यात यूपीएनपी आणि पोर्ट फॉरवर्डिंग, म्हणजे बाहेरच्या इंटरनेटवरून थेट घरात वाट उघडणारी सेटिंग, चालू असेल तर बंद करा (बसवणारे 'बाहेरून दिसावं' म्हणून हे हमखास उघडून ठेवतात), कॅमेरे गेस्ट वायफायवर, म्हणजे राउटरच्या पाहुण्यांसाठीच्या वेगळ्या नेटवर्कवर, टाका म्हणजे एखादा फुटला तरी तुमचा लॅपटॉप त्याच नेटवर्कवर नसेल, फर्मवेअर (कॅमेऱ्याच्या आतलं सॉफ्टवेअर) अपडेट ऑटोमॅटिक करा. हे एकदा बसून करायचं काम आहे, अर्धा दिवस जाईल.

'लपवण्यासारखं काही नाही' हे वाक्य मला ह्या सदरात इतक्यांदा येतं की आता वाद घालत नाही, नुसतं करून बघायला सांगते. हॉलच्या कॅमेऱ्याचं कालच्या दिवसाचं रेकॉर्डिंग आवाजासकट लावा आणि एका कागदावर लिहीत जा. तुम्ही फोनचा पॅटर्न उघडताय तो दिसतो का? बायको बँकेच्या माणसाशी बोलताना कार्डाचा नंबर मोठ्याने वाचतेय का? आई फोनवर कोणाच्या तब्येतीबद्दल, कोणाच्या भांडणाबद्दल बोलतेय? कपाटाची किल्ली कुठे ठेवता, घर किती वाजल्यापासून किती वाजेपर्यंत रिकामं असतं, सगळं तिथे आहे. लोक चित्राला घाबरतात आणि आवाज विसरतात, आणि खरं सांगायचं तर घरातल्या कॅमेऱ्यात मला आवाजाचीच जास्त भीती वाटते, कारण कॅमेऱ्याच्या मागे गेलात तर दिसत नाही पण ऐकू येतंच. मायक्रोफोन बंद करायचं सेटिंग वेगळं असतं, आजच करा.

आता ज्यासाठी मी तुमचं पत्र निवडलं तिथे येते. तुम्ही शेवटी सहज लिहून गेलात की आईची काही तक्रार नाही, फक्त ती हल्ली कपडे बदलायला बाथरूममध्ये जाते. अहो हीच तक्रार आहे. ती तोंडाने बोलली नाही कारण मुलाने काळजीने बसवलंय, एवढा खर्च केलाय, त्याला कसं म्हणायचं की मला अवघडतं. तिने हो म्हटलं तेव्हा तिला काय काय सांगितलं होतं? की मी बघणार एवढंच, की मुलगी, जावई आणि कॉलेजातला नातूही बघणार, रात्रीसुद्धा, अंधारातही दिसतं, आणि ऐकूही येतं? बहुतेक नसेल सांगितलं. मग तिचं हो कशाला होतं ते जरा बघा.

आणि दुसरी गोष्ट अशी की ती पडेल म्हणून तुम्ही कॅमेरा लावलात, आणि त्या कॅमेऱ्यामुळे ती कोरडी खोली, पलंगाची कड, बसायची जागा सोडून ओल्या फरशीवर, एका पायावर उभी राहून कपडे बदलतेय. जिथे कॅमेरा नाही आणि दाराला आतून कडी आहे. कॅमेऱ्याने तिला पडण्यापासून वाचवलं तर नाहीच, पडायची शक्यता असलेल्या जागी नेऊन उभं केलं. ह्यात हॅकर नाही, कंपनी नाही, कोणी वाईट नाही.

कॅमेरा पडलेला माणूस दाखवतो, तेही कोणी त्याच वेळी बघत असेल तर. ऑफिसच्या मीटिंगमध्ये असताना तुम्ही बघत नसता. मग तुम्हाला नेमकं काय हवंय? ती पडली तर लगेच कळायला हवं, बरोबर? त्याला गळ्यात घालायचं किंवा मनगटावरचं बटण आहे जे दाबलं की ठरलेल्या नंबरांना फोन जातो, पडणं ओळखणारी घड्याळं आहेत, आणि रडारवर चालणारे सेन्सर आहेत ज्यांना चित्र दिसतच नाही, फक्त कोणीतरी जमिनीवर पडलंय एवढं कळतं, ते बाथरूममध्येही लावता येतात. ह्यातलं काहीच शंभर टक्के नाही, घड्याळ चार्जिंगला काढलेलं असतं तेव्हाच नेमकं काहीतरी होतं. पण त्याच्याही आधी बाथरूममध्ये धरायला दांडे, न घसरणारी मॅट, रात्री पलंगापासून बाथरूमपर्यंत मंद दिवा, आणि दिवसातून दोनदा ठरलेल्या वेळी फोन. कॅमेऱ्याइतकं भारी वाटत नाही हे सगळं, मान्य.

आईच्या खोलीतला कॅमेरा माझ्या मते परत लावूच नका. तिला विचारून, एकटीला बसवून, बायको-बहीण नसताना विचारून, तीच म्हणाली की नाही बाबा मला बरं वाटतं असला तर, तर फिरणारा नको, एका जागी बसणारा घ्या, त्याला वर सरकवायचं झाकण असलेला, आणि ते झाकण तिच्या हाताला लागेल अशा उंचीवर. ती केव्हाही बंद करणार आणि तुम्ही फोन करून 'बंद का केलंस' विचारणार नाही, हे आधी कबूल करा. मदतनीस ताईंनाही स्पष्ट सांगा कुठे कॅमेरा आहे आणि कुठे नाही, त्या जिथे पाठ टेकतात किंवा कपडे बदलतात तिथे तर प्रश्नच येत नाही.

बायकोबद्दल. ती जास्त घाबरतेय असं तुम्ही म्हणता, पण तुमच्याच पत्रात तिने अगदी नेमकी गोष्ट बघितलीय आणि तुम्ही मात्र अजून बसवणाऱ्याच्या शब्दावर आहात. आणि ते 'दुपारी कोण आलं होतं' तुम्ही सहज विचारलं असेल, पण ऐकणाऱ्याला ते सहज वाटत नाही, कारण तुम्ही ऑफिसात होतात आणि तरी तुम्हाला माहीत होतं. पुढच्या वेळी मैत्रिणीला घरी बोलवताना ती हॉलकडे बघून विचार करेल, कदाचित करायलाही लागली असेल. हॉलच्या कॅमेऱ्याचा उपयोग काय हे मला तुमच्या पत्रात कुठे सापडलं नाही. घरात सगळे बाहेरगावी गेल्यावर लावायचा असेल तर तेवढ्यापुरता प्लग लावा, आल्यावर काढा. घरी माणसं असताना घराच्या आत कॅमेरा चालू, ह्याला माझा होकार नाही म्हणजे नाहीच, दुसरे सल्लागार वेगळं सांगतील.

दाराबाहेरचा मात्र ठेवा, त्याचं काम सरळ आहे, कोण आलं ते दाखवणं. फक्त शेजारी पुटपुटले ते हवेत सोडू नका. त्यांना बोलवा, तुमच्या फोनवर त्या कॅमेऱ्यात काय दिसतं ते दाखवा, त्यांचं दार किंवा खिडकी येत असेल तर कोन बदला किंवा ॲपमध्ये प्रायव्हसी झोन असतो त्याने तेवढा भाग काळा करा, आणि इथेही आवाज बंद. इंग्लंडमध्ये २०२१ मध्ये ऑक्सफर्डच्या कोर्टात असंच एक शेजाऱ्यांचं प्रकरण गेलं होतं, दाराची बेल आणि बाकीचे कॅमेरे, आणि न्यायाधीशांनी चित्रणापेक्षाही लांबचं बोलणं रेकॉर्ड होणं जास्त आक्षेपार्ह ठरवलं. युरोपच्या न्यायालयाने तर २०१४ मध्येच म्हटलंय की घराच्या कॅमेऱ्यात सार्वजनिक रस्ता येत असेल तर तो निव्वळ घरगुती मामला राहत नाही. प्रत्येक देशाचे कायदे वेगळे, पण शेजारी कोर्टात जायच्या आधी चहाला आलेले बरे.

राहता राहिली बहीण. ती रागावणार, लांब राहून आईला बघायचं तेवढंच साधन होतं म्हणणार, आणि तिचं दुःख खोटं नाहीये. तिला पासवर्ड बदलल्यावर नाही, आधी फोन करा. कपाटाकडे वळलेल्या कॅमेऱ्याचं सांगा, बाथरूममधल्या कपड्यांचं तर नक्की सांगा, मुलगी आहे, तिला ते तुमच्यापेक्षा लवकर कळेल. आणि तिला रोज संध्याकाळची एक व्हिडिओ कॉलची वेळ देऊन टाका, आईच्या हातात फोन देऊन, म्हणजे आईला पण कळेल की आत्ता कोण बघतंय.

काढलेले कॅमेरे कोणाला देणार किंवा विकणार असाल तर आधी कार्ड काढून घ्या, कॅमेरा रिसेट करा, तुमच्या अकाउंटमधून काढून टाका आणि क्लाउडवरचं जुनं चित्रण डिलीट करा, सबस्क्रिप्शन बंद केलं म्हणजे ते आपोआप पुसलं असं समजू नका. आणि विकायच्या जाहिरातीत फोटो टाकताना कॅमेऱ्याच्या खालचं क्यूआर कोडचं स्टिकर दिसू देऊ नका, बऱ्याच कॅमेऱ्यांचा ओळख नंबर त्यातच असतो.